आम्ही दुश्मन शिवायचो

लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही ओळख निघाली की बायका विचारतात, आक्का, तुम्ही काय करत होता हो? मी सांगते, दुश्मन शिवत होते. मग एखादी माझ्याकडं नीट बघते आणि पदर सावरून जरा पलीकडं सरकते. तिचं काही चुकत नाही. आता इतक्या वर्षांनी मलासुद्धा वाटतं, की हे सगळं दुपारी जेवून डोळा लागला तेव्हा दिसलं असावं. पण बोटांना दाभणाचे घट्टे अजून आहेत. म्हणजे झालं असणार.

काम असं होतं. गावाबाहेर लष्कराचा एक कॅम्प होता. तिथं पोरांना संगीन चालवायला शिकवायचे. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाला बसवायचा लांब सुरा. आताच्या जमान्यात सुरा कशाला, असं मलाही वाटायचं. पण गोळी लांबून मारायची असते, आणि लढाईत कधी कधी लांब असं काही उरतच नाही म्हणे. समोरचा श्वासाच्या अंतरावर येतो. तेव्हा हा सुरा. तो शिकायचा तर समोर कुणीतरी पाहिजे, आणि जिवंत माणूस काही उभा करता येत नाही. म्हणून गोणपाटाचा माणूस. सरकारी भाषेत त्याला डमी म्हणत, कॅम्पात दुश्मन म्हणत, आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात बावलं.

मी मूळची पोती सांधणारी. मार्केट यार्डात फाटक्या पोत्यांच्या ढिगावर बसून दाभणानं टाके घालायचे, एवढंच मला येत होतं. कॅम्पाला माल पुरवणारा एक ठेकेदार तिथं यायचा. त्यानं एकदा विचारलं, पोत्याचा माणूस शिवशील काय? मी म्हटलं, पोत्याचं कायबी शिवते. घरी आले, मालकांना भिंतीला टेकून उभं केलं आणि सुतळीनं माप घ्यायला लागले. खांदा, छाती, कंबर. कशासाठी ते कळल्यावर मालकांनी आपल्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "पोट जरा कमी धर. फौजेतल्या माणसाचं एवढं नसतंय."

तर पुढं कितीतरी वर्षं पोरांनी ज्याच्यावर वार केले त्याचे खांदे आमच्या मालकांचे होते. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यांनीही कधी कॅम्पात येऊन बघितलं नाही.

आत भरायचं भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा. सोपं वाटतं, पण नुसतं कोंबलं की दोन-चार वारांत बावल्याचं पोट गळून पायात उतरतं. पेंढी पिळून, एक थर उभा, एक आडवा, मुसळानं दाबत दाबत भरायचं. सुरा आत शिरला पाहिजे, पण सहज शिरता कामा नये. निघतानाही त्यानं थोडी कुरकुर केली पाहिजे. पावसाळ्यात पिंजर पाणी पितं आणि बावलं माणसाएवढं जड होतं. उचलून न्यायला गेलं की खांद्यावर मान टाकतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आलं बाई टेकायला." मग बोलायची सवयच लागली त्यांच्याशी. एखादं वाकडं बसलं की म्हणायचे, ताठ बस की, कोण बघतंय.

पिंजर म्हणजे शेवटी वैरण, हे मी एकदा विसरले. बोळाच्या तोंडाशी एक गवळी राहायचा. त्याची म्हैस दावं तोडून आमच्या पुढच्या सोप्यात शिरली आणि आम्ही आत जेवत होतो तेवढ्यात एका दुश्मनाची एक तंगडी मांडीपर्यंत खाऊन मोकळी झाली. मी भांडायला गेले, तर गवळी शांतपणे म्हणाला, "आक्का, देशाचं काम केलं की तिनं. बक्षीस द्यायचं सोडून बोंबलतीस काय?" नुकसानीबद्दल तांब्याभर दूध मागितलं, तेही दिलं नाही. आणखी एकदा टेम्पोतून माल नेताना वरची ताडपत्री उडाली आणि सगळी बावली उघड्यावर उभी. शेजारून हुपरीची एसटी चालली होती. कंडक्टर खिडकीतून मान काढून आमच्या ड्रायव्हरला म्हणाला, "पावणं, सगळ्यांची तिकिटं काढलीत न्हवं?" अख्खी गाडी हसली. मी ताडपत्री ओढून सगळ्यांना झाकलं. का कोण जाणे, मला त्यांचीच लाज वाटली, गर्दीत उघडं पडल्यासारखी.

सोप्यात जागा उरली नाही की तयार बावली माजघरात भिंतीला टेकून बसवायची. त्यांच्या मधून वाट काढत चुलीकडं जायचं. मला स्वप्नं पडायची. भीतीची नव्हेत हं. सगळी बावली पंगतीला बसलीत, मी भात वाढत चाललेय, आणि कुणी जेवत नाही. तोंडच नाही कुणाला. मी म्हणते, राहू दे, नुसती बसा. आणि ती बसतात. बाहेर पाऊस, आत भाताचा वास, आणि सगळी गप्प. त्या स्वप्नातून मला उठावंसं वाटायचं नाही.

मग ते वर्ष आलं. वर, बर्फाच्या डोंगरात, लढाई लागली. कॅम्पात पोरांच्या तुकड्यांवर तुकड्या येऊ लागल्या. घाईनं तयार करायचं आणि वर पाठवायचं. त्या घाईत नवा उस्ताद आला. आमच्याकडं तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात, फौजेत उस्ताद म्हणतात. शब्द एकच, जरा घासून गुळगुळीत झालेला. हा हवालदार होता, पहाडी मुलखातला. बुटका, कोरडा, आवाज मात्र घागरीत बोलल्यासारखा. आल्या दिवशी त्यानं माझ्या एका बावल्याला संगीन मारली, काढली, पात्याकडं बघितलं आणि मला बोलावलं.

"माताजी, ये तो गद्दा है," म्हणाला. "इस पर सोया जाएगा. लड़ा नहीं जाएगा."

मला राग आला. एवढी वर्षं कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण तो नुकताच वरून आला होता, हे नंतर कळलं. पिंजराच्या गठ्ठ्यावर बसून त्यानं हळू आवाजात सांगितलं, की खऱ्या माणसात संगीन अडकते. बरगडीत अडकते, कपड्यात गुंतते. गादीवर शिकलेला पोरगा तिथं गोंधळून उभा राहतो, ओढत बसतो, आणि तेवढ्या वेळात... त्यानं बूट पुढं करून हवेत काहीतरी दाबून धरल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी मागं ओढल्यासारखं केलं. मला कळलं. पाय द्यावा लागतो.

मग मी नव्यानं शिकले. छातीत बांबूच्या कामट्या वाकवून बसवल्या, बरगड्यांसारख्या. पोटात ओल्या मातीचे गोळे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा. वरून शर्ट. शर्ट मिळायचे भांडीवालीकडून. ती दारोदार भांडी देऊन जुने कपडे घेते ना, त्यातले फाटके मला द्यायची. एकेका शर्टाला अजून कुणाच्या तरी तंबाखूचा वास असायचा.

पहिलं नवीन बावलं उस्तादाला दाखवलं. त्यानं वार केला. आत कामटी कडाकली, पातं अडकलं. त्यानं पाय दिला, ओढून काढलं, आणि बराच वेळ त्या बावल्याकडं बघत राहिला. शाबासकी दिली नाही. नुसता म्हणाला, "हां." मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं, खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, एवढं केलंय तर नाक-डोळे पण काढू काय? तो एकदम सावध झाला. "चेहरा नहीं," म्हणाला. "बदन असली. चेहरा बिलकुल नहीं." तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं. अंग खरं असलं की पोरांचे हात शिकतात. तोंड खरं झालं की तेच हात थांबतात. त्याला खरेपणा पाहिजे होता, पण गळ्यापर्यंतच.

आता इथं हौसाबाई येते. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायकांत सगळ्यात म्हातारी, आणि सगळ्यात पक्का टाका तिचा. शर्ट वारानं वर सरकायचा, म्हणून तो बावल्याच्या अंगावरच शिवून टाकायचा असं ठरलं. हौसाबाईनं दाभण खाली ठेवलं.

"अंगावर कापड शिवत न्हाईत," म्हणाली. "तसं मढ्याचं शिवत्यात."

तुमच्याही घरात हे असेल. अंगातल्या सदऱ्याचं बटण लावायचं झालं तर आई म्हणायची, तोंडात काडी धर. काडी धरली की दोष जातो. मी हौसाबाईला म्हटलं, अगं हे पिंजराचं हाय, याला कसला दोष? ती म्हणाली, "तू येवढं माणसासारखं केलंस, आता मला सांगतीस पिंजर? माझ्या घरात नातवंडं हायत." बाकीच्या बायकांनीही दाभणं खाली ठेवली.

मग तिनंच वाट काढली. बावल्याच्या डोक्याला, जिथं तोंड असतं तिथं, दाभणानं एक बारीक चीर द्यायची आणि त्यात गवताची एक हिरवी काडी खोचायची. कॅम्पात मैदानाच्या कडेला आमची एक शेड होती. रोज सकाळी तिथं जाऊन आदल्या दिवशीची फाटकी बावली सांधायची आणि शर्ट परत अंगावर शिवायचे. हौसाबाई बांधावरचं ताजं गवत खुडून ओच्यात आणायची, एकेकाच्या तोंडात काडी द्यायची आणि मग टाका घालायची. उस्तादाला ते दिसलं असेल तर आतलं पिंजर बाहेर आलंय एवढंच वाटलं असेल. तुटक्या पिंजरात एक काडी कोण बघतंय.

एकानं बघितली. त्याचं नाव भूपाल. शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा, उंच, कानाची पाळी जरा दुमडलेली. तो वर जाऊन धडधाकट परत आला आणि आता गावात ऊस बघतो, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगीच जीव मुठीत धरून वाचाल. तेव्हा प्रश्न त्याच्या जिवाचा नव्हताच. तो फौजेत राहतो का घरी जातो, हा होता.

झालं असं, की भूपाल पळण्यात पुढं, नेमबाजीत पुढं, जुन्या गादीसारख्या बावल्यांवर संगीन चालवण्यातही पुढं. नवी बावली आली, शर्टवाली, आणि हा वाघासारखा ओरडत धावत गेला आणि बावल्यापाशी जाऊन उभाच राहिला. संगीन छातीला टेकलेली, आणि पुढं काही नाही. उस्ताद "घोंप! घोंप!" म्हणून ओरडतोय, मागची पोरं येऊन त्याच्या पाठीवर आदळतायत, आणि हा उभा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

उस्तादानं सगळ्यांसमोर विचारलं, की हे काय चाललंय. भूपालचं हिंदी बेताचं. घाबरून तो म्हणाला, "उस्ताद, उसके दात में गवत है." उस्तादाला गवत हा शब्द ठाऊक नव्हता. त्यानं ऐकलं दावत, म्हणजे मेजवानी. "दावत? किसकी दावत?" सगळी तुकडी फुटून हसली. मराठी पोरं होती त्यात, पण उस्तादापुढं मध्येच तोंड कोण उघडणार, आणि मजा कोण सोडणार. त्या दिवसापासून भूपालचं नाव पडलं दावतवाले. जेवणाच्या रांगेत म्हणायचे, दावतवाल्यांना आधी वाढा. काहीजण म्हणायचे, जैनाचा पोरगा, मुंगी मारत नाही, हा काय संगीन मारणार.

उस्तादाला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. त्यानं त्याला सांगितलं, की साहेबांसमोर परीक्षा होईल. त्यात सगळी रांग पार केली तर तुकडीबरोबर वर जाशील. नाही केली तर ट्रंक उचल आणि गावी जा. आणि तोवर शिक्षा म्हणून आमच्या शेडमध्ये पाठवलं, बायकांच्या हाताखाली बावली वाहायला.

श्रावणातल्या सकाळी त्या मैदानावर ढग खाली उतरलेला असायचा. चौकटीला टांगलेली बावली त्यात हळूहळू फिरायची, कधी पाठ दाखवायची, कधी छाती. पलीकडचं झाड दिसायचं नाही, पण त्यावरचा भारद्वाज ऐकू यायचा. अशा धुक्यातून हा पोरगा खांद्यावर ओलं बावलं घेऊन यायचा, आणि लांबून वाटायचं दोघं मित्र गळ्यात गळा घालून चाललेत. तो प्रत्येकाला हळूच खाली ठेवायचा. आपटायचा नाही. हौसाबाईला तो लगेच आवडला.

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, बाबा, अडतंय कुठं? खरंच मुंगीचं भ्या हाय काय?

"मुंगी चावली तर मारतो की," तो चिडून म्हणाला. मग बावल्याच्या तोंडाकडं बोट केलं. "त्येच्या दातात गवत हाय, आक्का."

त्याच्या गावात मर्दानी खेळाची तालीम होती. लहानपणापासून तिथं लाठी-पट्टा शिकलेला. त्याच्या वस्तादांचा एक नियम होता. हत्यार उचललं की आधी बघायचं, समोरच्याच्या हातात काय आहे आणि दातात काय आहे. हातात हत्यार असेल तर वार कर. दातात गवत असेल तर पाय मागं घे, तो शरण आलाय. दाती तृण धरणे, आपण नुसतं बोलायला म्हणतो. याच्या तालमीत ते खेळूनच दाखवायचे. एक पोरगा दातात गवत धरून समोर यायचा आणि दुसऱ्यानं धावत येऊन त्याच्यापाशी पट्टा थांबवायचा. चुकून लागला तर वस्ताद आठवडाभर पट्ट्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अरे, ते हौसाबाईनं लावलंय, शिवायचा दोष जाऊ दे म्हणून. त्यात शरण-बिरण काही नाही.

"ते कळलं मला काल, हिला काडी खोचताना बघितलं तवा," भूपाल म्हणाला. "पर पायांना कोण सांगणार? मी न्हाई थांबवत, आक्का. पायच थांबत्यात." मग जरा वेळानं, चहाचा कप हातातच ठेवून, म्हणाला, "निघताना सगळ्या गावानं फेटा बांधला. त्यो फेटा घेऊन माघारी कसा जाऊ? भ्याला म्हणतील."

मी हौसाबाईला म्हटलं, काड्या काढून टाक. ती म्हणाली, काड्या काढ, पण मग टाका तुझा तू घाल. सगळ्या बायका तिच्या बाजूनं. काडी राहिली तर हा पोरगा जातो, काढली तर माझ्या बायका जातात, आणि बावली नसली तर अख्ख्या तुकडीचं शिकणं थांबतं. दोन्हीकडून माझाच गळा. मी उठले आणि उस्तादाकडं गेले.

आता माझं हिंदी भूपालपेक्षाही दिव्य. उस्ताद मैदानाच्या कडेला एकटा उभा होता, छत्री नाही, काही नाही. मी "वो लडका" म्हणून सुरुवात केली आणि पुढं शब्दच सापडेना. शरणला काय म्हणतात? गवताला काय म्हणतात? तो कंटाळून दुसरीकडं बघायला लागला. मग मी खाली वाकले, एक काडी उपटली, दातात धरली आणि त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिले.

त्याचा चेहरा असा बदलला, की मला वाटलं मी काहीतरी वंगाळ केलं. तो झटकन एक पाऊल मागं सरला.

"तिनका," म्हणाला. "दांत में तिनका."

मी मान हलवली आणि शेडकडं बोट केलं. तो तरातरा शेडमध्ये गेला. एकेका बावल्यापुढं उभा राहून बघत राहिला. सगळी गप्प भिंतीला टेकलेली, तोंडात हिरवी काडी. मग तो पिंजराच्या गठ्ठ्यावर बसला. मोडक्या हिंदी-मराठीत जे बोलणं झालं त्यातलं मला एवढं कळलं, की त्याच्या गावातही म्हातारी माणसं हे म्हणायची. आणि वर कुणी तिनका धरत नाही. हात वर करतात, कधी तेवढाही वेळ नसतो, नुसते बघतात. धावताना ते दिसत नाही. हे तो दोनदा म्हणाला. "दौड़ते हुए दिखता नहीं, माताजी."

मग तो उठला आणि म्हणाला, सगळ्यांच्या काढा. एकाची ठेवा. कोणाची ते पोरांना सांगू नका. पोरांना मी एवढंच सांगेन, की यातला एकजण शरण आलाय, त्याला सोडायचं. साहेबांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. ते वेग बघणार, जोर बघणार. हे उस्तादाचं स्वतःचं होतं.

बायकांचंही सुटलं. शर्ट पाठीत उभा फाडून त्याला नाड्या शिवायच्या, आणि मग बावल्याला चढवून मागं गाठी मारायच्या. शिवणं वेगळं, घालणं वेगळं. दोष कसला? हौसाबाई म्हणाली, "येवढी अक्कल आधी कुठं चरायला गेलती?" मी म्हटलं, तुझ्याच शेजारी बसलीवती.

उस्तादानं तुकडीला ते सांगितलं तेव्हा भूपालचं तोंड मी लांबून बघत होते. पावसाळ्यात एकदम ऊन पडावं तसं झालं. त्याच्या वस्तादांचं म्हणणं उस्तादानं मैदानावर सांगितलं, आणि हसायची कुणाची टाप झाली नाही. दावतवाले म्हणणाराच एकजण त्याला विचारायला आला, की शरण आलेला ओळखायचा कसा? भूपालनं त्याला दातात काडी धरून दाखवली.

परीक्षेच्या दिवशी ढग अगदी गवताला टेकला होता. साहेब लोक खुर्च्यांवर छत्र्यांखाली. मैदानात सुतळी बॉम्ब फुटत होते, धूर धुक्यात मिसळत होता, शिट्ट्या, आरोळ्या. माझी बावली त्यात उभी होती, टांगलेली होती, खंदकात आडवी पडली होती, आणि मला ती इतकी खरी कधी वाटली नव्हती. काडीवालं बावलं खंदकाच्या पलीकडं, वळणावर उभं केलं होतं. उस्ताद त्याच्या शेजारीच थांबला होता, खिशात गवताची मूठ घेऊन. एक पोरगा येऊन गेला की तो नवीन काडी खोचायचा, लांब, छातीपर्यंत लोंबणारी. आम्ही बायका शेडच्या दारातून बघत होतो.

पहिला पोरगा त्या वळणावर आला. ओरडत आला, मारलं, पाय दिला, काढलं, गेला. दुसरा, तिसरा. सगळ्यांना सांगितलेलं होतं. भूपालकडून शिकून गेलेला आला, त्यानंही तेच केलं. हौसाबाई पुटपुटली, "आंधळी झाल्यात काय पोरं?" आंधळी नव्हती. धावत होती. उस्ताद दर वेळी काडी खोचायचा, कॉलर सारखी करायचा आणि मागं सरकून उभा राहायचा.

भूपालला त्यानं शेवटी ठेवलं होतं.

मी देवाला काय मागत होते ते मला नीट सांगता येत नाही. आधीच्या बावल्यांपाशी तो थांबू नये, हे मागत होते. त्या एका बावल्यापाशी थांबावा, हेही मागत होते. दोन्ही एकदम मागता येतं का, कुणास ठाऊक. तो धुक्यातून निघाला तेव्हा मला त्याचं फक्त तोंड दिसलं, उघडं, काळं, आणि आवाज माणसाचा वाटेना. पहिलं बावलं. कामट्या कडाकल्याचा आवाज शेडपर्यंत आला. दुसरं. पाय थांबले नाहीत. हौसाबाईनं माझा दंड धरला. टांगलेलं, खंदकातलं, सगळी त्यानं अशी पार केली की साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. खंदकातून वर आला, वळणावर आला, समोर काडीवालं बावलं, शेजारी दोन हातांवर उस्ताद. मारलं. पाय दिला. काढलं. पुढं गेला.

उस्तादानं या वेळी कॉलर सारखी केली नाही.

सगळं संपल्यावर साहेबांनी भूपालच्या पाठीवर थाप मारली. ट्रंक उचलायचा प्रश्नच उरला नाही, तुकडीबरोबर तो वर जाणार हे तिथंच ठरलं. मग तो आमच्याकडं धावत आला. अंगभर चिखल, छाती भात्यासारखी, आणि तोंडावर असं हसू की लहान पोराच्याही तोंडावर बघायला मिळत नाही. उस्ताद शेडच्या दारात येऊन उभा होता.

"उस्ताद," भूपालनं विचारलं, "तिनकेवाला किधर था?" तो शब्द आता त्याला आला होता.

उस्ताद माझ्याकडं बघत नव्हता. खिशातला हात त्यानं खिशातच ठेवला.

"आज लगाया ही नहीं," म्हणाला.

भूपालनं मान हलवली. बंदूक काखेत घेऊन तो पातं पुसायला लागला. चिखल गेला, पिंजराचा भुसा गेला, आणि मग टोकापासून जरा आत, पात्याला चिकटलेलं गवताचं एक हिरवं पान निघालं. वाकलेलं, अर्धं चिरलेलं. त्यानं ते अंगठ्यानं दाबून धरलं. आम्ही तिघंही तिथंच होतो, हौसाबाई, मी, उस्ताद.

"बरं झालं," तो मराठीत म्हणाला, कुणाकडंच न बघता. अंगठा पँटला पुसला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. हौसाबाई मला विचारत होती, यातला आपला कोणता? सगळे पाठमोरे होते, सगळ्यांच्या खांद्यावर सारखाच चिखल. मला सांगता येईना.